खऱ्या वाक्यांची उजळणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

तुला पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे ठाऊक असूनही लिहीत आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहावे की नाही, या एका प्रश्नापायी दोन कागद वाया गेले. शेवटी नुसते 'ताई' लिहिले. जाताना तू मला बजावले होतेस, "माझ्याकडे फोन नसणार. अगदी जिवावर बेतलं तरच लिही, मुंगे. एरवी नको." जिवावर बेतले आहे का, हे मला अजून ठरवता येत नाही. म्हणून हे पत्र लिहून ठेवते, पाठवत नाही. कदाचित उद्या फाडूनही टाकीन.

तुला ठाऊक नसेल, मी हल्ली संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गावर शिकवते. टायरच्या दुकानावरची लांबट खोली आहे. खाली कोणी चाकात हवा भरू लागले की वर फळा थरथरतो. मराठी शाळेतून पहिली आलेली मुलगी इंग्रजी शिकवणार म्हटल्यावर बाबांना हसू आले. त्यांचेही चुकले नाही; बोलताना माझी जीभ अजून अडखळते. पण व्याकरण माझे पक्के आहे आणि वर्ग चालवणाऱ्या सरांना तेवढेच हवे होते. विद्यार्थी सगळे मोठे, दिवसभर राबून येणारे: एक परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या मावशी, पार्सलगाडी चालवणारे एक काका, आणखी पंधरा-वीस जण.

सध्या आम्ही कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ शिकत आहोत. आपल्या भाषेतले क्रियापद कर्त्याची सगळी चौकशी करते: तो की ती की ते, एक की अनेक. इंग्रजी क्रियापद मितभाषी. 'मी' आणि 'तू' यांच्या वाटेला ते जात नाही. जो खोलीत नाही आणि जो एकटा आहे, त्याच्याच मागे ते तो बारीकसा एस लावते. हे समजावले तेव्हा मावशींनी हात वर केला.

"बाई, माझा नवरा एकटाच आहे, पण खातो दोघांचं. त्याला एस लावायचा का?"

वर्ग पोट धरून हसला. मीही हसले, ताई. त्या खोलीत मला हसता येते.

सरांचे दोन नियम आहेत. पहिला, फळ्यावर खोटे वाक्य लिहायचे नाही. "पुस्तकातला राम रोज आंबा खातो, म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही," असे ते म्हणतात. "स्वतःच्या घरातलं खरं वाक्य माणूस मरेपर्यंत विसरत नाही." दुसरा नियम उजळणीचा. रोज वर्ग सुरू होताना आधीची सगळी वाक्ये सगळ्यांनी एका सुरात म्हणायची.

आता तूच सांग, खोलीत नसलेले असे एकटे माणूस मी कुठून आणणार? आई असती तर गोष्ट वेगळी. बाबा पेपर वाचतात, बाबा चहा पितात, बाबा झोपतात. तीन वाक्यांत बाबा संपले. मग तुझ्या त्या एकुलत्या पत्रातले काढून मी फळ्यावर लिहू लागले. नाव कधी लिहिले नाही, नुसते 'माझी बहीण'. माझी बहीण हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. ती चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्याच्या घरी माडीवर राहते. ती कालव्याच्या कडेने चालत घरी जाते. तुझ्याविषयी मोठ्या अक्षरांत लिहिता येण्याची ती एकच जागा होती आणि ते लिहिताना मला बरे वाटे.

आज वर्गात नवा विद्यार्थी आला. भाओजी आले आहेत.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

ते अगदी सभ्यपणे आले. तुला त्यांचा सभ्यपणा माहीत आहे. चप्पल दाराबाहेर जोडून ठेवली, सरांना नमस्कार केला, म्हणाले, "लिफ्ट तपासायचं काम आहे माझं. आता कंपनीत सगळे अहवाल इंग्रजीत द्यायचेत. शिकवा, उपकार होतील." मग माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत, "बाई, चुकलं तर रागावा हं. लाजू नका." घरी ते मला 'अगं मुंगी' म्हणत. इथे 'बाई' आणि 'तुम्ही'.

बाबांनीच त्यांना वर्ग सुचवला. मी घरी विचारले तेव्हा म्हणाले, "माणूस सुधारायला बघतोय. बायको सोडून गेली तरी तोंडातून वाकडा शब्द नाही. तू दोन अक्षरं शिकवलीस तर झिजणार आहेस का?"

मी झिजणार नव्हते. पण पहिल्याच दिवशी मी उजळणी विसरले होते.

तू डोळ्यांपुढे आण. मी दार लावते, सर मागच्या बाकावर येऊन बसतात, बोट वर करतात आणि वीस माणसे एकदम सुरू होतात. माझे 'माय सिस्टर' त्यांच्या तोंडी 'हर सिस्टर' होते, एवढाच फरक. हर सिस्टर वर्क्स इन अ हॉस्पिटल लाँड्री. हर सिस्टर लिव्ह्ज अबव्ह अ फ्रेम शॉप. हर सिस्टर वॉक्स बाय द कॅनॉल. प्रत्येक एस ठासून म्हणायचा, अशी मीच त्यांना सवय लावली आहे. साप फुसकारावा तसा तो आवाज खोलीभर होतो. भाओजी पंख्याखालच्या बाकावर बसले होते. पहिली दोन वाक्ये त्यांनी नुसती ऐकली. तिसऱ्यापासून तेही म्हणू लागले, हळू आवाजात, एकही एस न चुकवता.

मी डस्टर घेऊन फळा पुसला. फळ्यावर तर काहीच नव्हते. ते सगळे वर्गाला तोंडपाठ आहे.

वर्ग सुटल्यावर मी सरांना म्हटले, "सर, जुनी वाक्यं आता बदलूया का? सगळ्यांची पाठ झालीत."

"पाठ झालीत म्हणूनच ठेवायची," सर म्हणाले. "तुमच्या बहिणीनं माझा अर्धा वर्ग पास केलाय, बाई."

हॉस्पिटले अनेक आहेत, कालवेही अनेक आहेत; गावाचे नाव मी कधीच उच्चारलेले नाही. एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली आहे.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज प्रश्नार्थक वाक्ये होती. प्रत्येकाने बाईंना एक प्रश्न विचारायचा आणि बाईंनी पूर्ण, खरे उत्तर द्यायचे, असा हा पाठ आहे. परिचारिकेने विचारले, माझी बहीण कोणता साबण वापरते. सगळे हसले. मग भाओजी उभे राहिले. उभे राहताना ते शर्टाची बाही सारखी करतात, ते तुला आठवत असेल.

"डझ युवर सिस्टर लिव्ह अलोन?"

तुमची बहीण एकटी राहते का. व्याकरण अचूक होते. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता आणि मागे सर मान डोलावत होते. मी म्हटले, "नो. शी डझ नॉट लिव्ह अलोन." त्या वर्गात मी बोललेले हे पहिले खोटे वाक्य.

"मग कुणाबरोबर राहते, बाई?" त्यांनी मराठीत विचारले, अगदी सहज, बसता बसता.

"अहो, लग्न झालं असेल तिचं," मावशी मध्येच म्हणाल्या. "नवऱ्याबरोबर राहात असेल, दुसरं काय? तुम्ही पण ना, भलत्या चौकशा."

"तेच म्हणतो मी," भाओजी हसून म्हणाले. "नवऱ्याबरोबरच राहायला हवी."

सगळे हसले. ताई, इतक्या माणसांच्या हसण्यात मला कधी इतके एकटे वाटले नव्हते.

त्या हसण्याच्या भरात पार्सलगाडीच्या काकांना हुरूप आला. भला माणूस आहे. शिकण्याची हौस एवढी, की गाडी चालवतानाही वाक्ये म्हणतो. ते उठून म्हणाले, "बाई, मी कधीचा विचार करतोय. लाँड्री, कालवा, फ्रेमवाला... हे तर माझ्या शेवटच्या थांब्याचं गाव! मी रोज औषधं घेऊन त्याच हॉस्पिटलात जातो." आणि त्यांनी गावाचे नाव घेतले. मोठ्याने घेतले, कौतुकाने घेतले. "पुढच्या वेळी काही द्यायचं असेल तर सांगा. बहिणीपर्यंत पोचवतो."

मी म्हटले, "नाही, ते गाव नव्हे." पण शिकवताना थांबते तशी मी उत्तराआधी क्षणभर थांबले होते. भाओजींनी तो क्षण पाहिला. ते खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होते, तरीही पाहिला.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल रात्री ठरवले, की सरांचा नियम मोडायचा. आज फळ्यावर नवी वाक्ये लिहिली. माझ्या बहिणीने लाँड्री सोडली. आता ती समुद्राकाठी एका शाळेत काम करते. ती रोज बोटीने जाते. वर्गाने ती वाक्ये एका सुरात म्हटली. मला वाटले, मी तुला वीस जणांच्या आवाजावर उचलून दूर समुद्राकाठी ठेवून आले.

भाओजी आज गैरहजर होते.

परिचारिका म्हणाली, "त्या लिफ्टवाल्या दादांना दोन दिवस रजा हवी होती. परगावी जायचंय म्हणत होते." ती पुढे म्हणाली, "किती गरीब स्वभाव हो. माझ्या नवऱ्याला त्यांच्याकडं शिकायला पाठवायला पाहिजे."

मला गप्प राहता येते, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तुझी तक्रार खरी का, असे बाबांनी मला विचारले तेव्हाही मी गप्प होते, आणि त्यासाठीच तू जाण्याच्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. पण तुझ्या दाराची बाहेरची कडी मी पाहिली होती. भर दुपारी तुझ्याकडे डबा घेऊन आले होते. कडी बाहेरून लावलेली आणि आतून तुझा आवाज: "मुंगे, तू जा. ते आले की उघडतील." ते आवाजही चढवत नसत. नुसती कडी लावून कामावर जात.


सोमवार, १७ फेब्रुवारी

ते आज परत आले. सर्वांसाठी पेढ्यांसारखा गोड आवाज घेऊन आले. सरांना म्हणाले, "दोन तास बुडाले. पण गृहपाठ तोंडी करून आलोय. म्हणून दाखवू?"

"म्हणा की. कर्ता कोण घेतलाय?"

"माझी बायको."

मावशींनी कौतुकाने कानशिलावर बोटे मोडली. "बघा, आणि आमचे हे. माझं नाव तरी आठवत असेल का त्यांना?"

ते फळ्याजवळ येऊन उभे राहिले, माझ्यापासून हातभर अंतरावर. खिशात हात नाही, हातात कागद नाही. एकेक वाक्य सावकाश, माझ्याकडे पाहत:

"माय वाइफ वर्क्स इन अ लाँड्री. शी फिनिशेस अॅट सिक्स. शी वेअर्स अ ब्राउन शॉल. शी गेट्स डाउन अॅट द थर्ड स्टॉप. शी वॉक्स बाय द कॅनॉल." मग थोडे थांबून, "शी नेव्हर लुक्स बिहाइंड."

ती कधी मागे वळून पाहत नाही.

सर टाळ्या वाजवत उठले. "शाबास! एक एस चुकला नाही. बाई, तुमच्या शिकवण्याचं चीज झालं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणाच्या मनात काही आले नाही. त्यांच्या लेखी लाँड्री आणि कालवा ही उदाहरणे आहेत, नव्या माणसाने नमुना गिरवला एवढेच. फक्त पार्सलगाडीच्या काकांनी टाळी वाजवली नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले.

ताई, तिसरा थांबा मी कधी लिहिला नव्हता. सहाची वेळ मला ठाऊकच नव्हती. आणि तुझ्याकडे तपकिरी शाल असल्याचे मी आज पहिल्यांदा ऐकले. ती तिकडे घेतलीस ना?

जागेवर परतताना ते माझ्या टेबलाशी थांबले आणि फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, "समुद्राकाठची वाक्यं मावशींनी सांगितली मला. छान होती. पण तुला खोटं जमत नाही गं, मुंगी."

मी सरांना खोलीबाहेर बोलावले. सांगता सांगता माझी जीभ अडखळली, नेहमीप्रमाणे. सर म्हणाले, "वाक्यं खरी आहेत ना? मग तक्रार काय? घरची भांडणं वर्गात आणू नका."

घरी आले. बाबा पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मला विचारूनच गेले होते ते. उद्या अकराच्या बसनं तिला आणायला चाललेत. घर रंगवून घेतलंय बिचाऱ्यानं. दाराला नवी कडीसुद्धा बसवली."

"आतून की बाहेरून?" मी विचारले.

"कडी ती कडी. तुला काय करायचंय?"

"बाबा, आतून की बाहेरून?"

त्यांनी पेपराचे पान उलटले. मग म्हणाले, "तिला काही कळवायचं नाही. नाहीतर पुन्हा पळेल."


मंगळवार, १८ फेब्रुवारी

ताई, जिवावर बेतले आहे, आणि ठरवायला मला पंधरवडा लागला. त्याबद्दल क्षमा मागायला आज वेळ नाही, नंतर मागेन.

सकाळी मी तुझ्या हॉस्पिटलला फोन केला. फोन उचलणाऱ्या बाईंनी सांगितले, लाँड्रीतल्या माणसांना फोनवर बोलावत नाहीत, निरोपही घेत नाहीत. पोलीस चौकीत गेले. तिथल्या जमादारांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "नवरा बायकोला आणायला गेला, यात गुन्हा कुठला, बेटा?" मी त्यांना बाहेरच्या कडीचे सांगितले. ते म्हणाले, "तिनं स्वतः येऊन सांगायला हवं." बाहेर आले तेव्हा अकराची बस निघून गेली होती. थांब्यावरच्या पानवाल्याने सांगितले, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हसतमुख एक जण खिडकीजवळ बसून गेला.

मग मला वाक्य आठवले. माझे नव्हे, पार्सलगाडीच्या काकांचे; रोजच्या उजळणीत आम्ही तेही म्हणतो. माय व्हॅन लीव्ह्ज अॅट हाफ पास्ट वन. माझी गाडी दीडला सुटते.

मी पार्सलच्या गोदामात पळत आले आहे. हे शेवटचे पान खोक्यांवर कागद ठेवून लिहीत आहे, म्हणून अक्षर असे. काका मला पाहताच म्हणाले, "बाई, गावाचं नाव मीच घेतलं ना?" मी खोक्यावर कागद पसरला. "काल त्याचं ते ऐकलं आणि जेवण गेलं नाही मला. मला वाटलं होतं, आपण सगळे नुसतं इंग्रजी शिकतोय." त्यांनी रुमालाने कपाळ पुसले. "बस गावागावांतून फिरत जाते. मी सरळ जातो. तुमच्या ताईंची सुट्टी सहाला, म्हणजे तासभर आधी पोचायला पाहिजे. वाटेत काही झालं नाही तर पोचतोच. पत्र दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

"मलाही घेऊन चला," मी म्हटले. पण गाडीत माणूस बसवायला मनाई आहे आणि फाटकावर पहारेकरी आत वाकून पाहतो. मी पकडले गेले तर गाडीच अडकून पडेल. म्हणून मी मागून तीनच्या बसने निघत आहे. पिशवीत दोन कपडे आहेत. बाबांना सांगितलेले नाही. मी पोहोचेन तेव्हा अंधार पडलेला असेल, म्हणून माझी वाट पाहत थांबू नकोस.

आता नीट वाच. आज सहाला बाहेर पडू नकोस. तपकिरी शाल अंगावर घेऊ नकोस. तिसऱ्या थांब्यावर उतरू नकोस, कालव्याकडे जाऊ नकोस, माडीवरच्या खोलीत तर पाऊलही टाकू नकोस. तुझ्या पत्रात ज्या इस्त्री करणाऱ्या काकूंविषयी लिहिले होतेस, ज्यांच्या दाराला आतून दोन कड्या आहेत, त्यांच्याबरोबर सहाच्या आधीच हॉस्पिटलच्या मागच्या दाराने त्यांच्या घरी जा आणि दोन्ही कड्या लाव. मी आले की बाहेरून तीनदा टकटक करून म्हणेन, "मुंगी आहे." दुसऱ्या कोणत्याही आवाजाला उघडू नकोस, तो कितीही गोड असला तरी. उद्या सकाळी आपण दोघी मिळून तिथल्या चौकीत जाऊ. या वेळी मला विचारले तर मी सांगेन. अडखळत का होईना, सांगेन.

आणि हे पत्र हाती पडण्याआधीच तू बाहेर पडली असशील, काकांनी तुला रस्त्यात गाठले असेल आणि तू हे उभ्या उभ्या वाचत असशील, तर इथेच वाचणे थांबव.

मागे वळून पाहा.

तुझी,
मुंगी

पार्सलगाडीच्या काकांच्या हाती दिले: मंगळवार, १८ फेब्रुवारी, दुपारी एक वाजून सत्तावीस मिनिटे.